मुकी झालेली घंटा

दिवाळी हा जितका दिव्यांचा सण, तितकाच आवाजांचाही. पहाटे न्हाणीघरातून येणारी पाण्याची खळखळ, पायाखाली कारीट फुटल्याचा बारीकसा आवाज, फराळाच्या डब्यांच्या झाकणांचा खणखणाट, देवघरातली घंटी, आणि या सर्वांवर ताण करणारे फटाके. या गलबल्यात दोन जातींचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते आपल्या सहसा ध्यानात येत नाही. एक जात सुखविणाऱ्या आवाजांची, दुसरी सांगणाऱ्या आवाजांची. कढईतल्या तेलाची चुरचुर मंदावली की चकली तळून झाली, हे सुगरणीला डोळ्यांआधी कान सांगतो. कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, आगगाडीची हाळी हे सारे याच दुसऱ्या जातीचे. ते गोड नसले तरी चालते. वेळेवर मात्र यावे लागतात.

या दुसऱ्या जातीतल्या एका अगदी धाकट्या आवाजाची कुळकथा येथे सांगावयाची आहे. तो आवाज म्हणजे संगणकाचा ‘बीप’. धाकटा म्हटला तरी त्याचे गोत्र मोठे आहे, आणि आमच्या अक्कलकुवा तालुक्यातील एका नर्मदाकाठच्या गावापर्यंत ते येऊन पोहोचलेले आहे.

कथेला निमित्त आहे एका नेहमीच्या गाऱ्हाण्याचे. शाळेच्या कचेरीत, पतपेढीत, एखाद्या अडत्याच्या पेढीवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा हिशेबाचा प्रोग्राम अजून चालू असतो. पूर्वी त्यात चुकीचा आकडा घातला की टुण् असा आवाज येई. कारकून थबके, मान वर करी, चूक दुरुस्त करी. मग एके दिवशी जुना संगणक जातो, नवा येतो. प्रोग्राम तोच, आकडे तेच, पडदा उलट अधिक चकचकीत. पण तो टुण् काही येत नाही. लोक म्हणतात, ‘प्रोग्राम जुना झाला, बिघडला.’ खरे पाहता पुष्कळदा प्रोग्राम बिघडलेला नसतो. तो अजूनही इमानाने घंटेचा हुकूम सोडीत असतो. तो हुकूम ऐकून टोल देणारा गडी मात्र घर सोडून गेलेला असतो. हा गडी कोण, तो कोठून आला आणि कधी निघून गेला, हे समजले म्हणजे हरवलेला आवाज शोधावयाचा कोठे, हेही समजते.

टंकयंत्राची टिणटिण

संगणकाच्या घंटेची आजी म्हणजे टंकलेखनयंत्राची घंटा. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात पहिले टंकलेखनयंत्र तयार केले. पुढे तालुक्याच्या गावोगावी ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ निघाल्या. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस शब्द, ही त्या काळी कचेरीच्या नोकरीची किल्ली होती. संध्याकाळी अशा वर्गावरून गेले म्हणजे पत्र्यावर पाऊस पडावा तसा कळांचा आवाज ऐकू येई, आणि त्या पावसात मधूनच टिण् टिण् अशी घंटा.

ती घंटा शोभेची नव्हती. कागद गुंडाळलेला रूळ अक्षरागणिक डावीकडे सरकत जाई. ओळ संपावयास थोडी अक्षरे उरली की आतली एक लहानशी दांडी अडखळे, हातोडी सुटे आणि वाटीवर टोला बसे. शब्द पुरा करा आणि रूळ मागे ढकला, एवढाच त्याचा अर्थ. टायपिस्टची नजर मसुद्यावर आणि बोटे कळांवर. ओळ कोठवर आली हे पाहावयास तिसरा डोळा त्याच्यापाशी नाही. म्हणून यंत्राने त्याच्या कानाला हाक मारली. इशारा देणाऱ्या सर्व आवाजांचे मूळ तत्त्व एवढेच आहे: डोळे कामात गुंतलेले असतील तेव्हा कानाला सांगावे. दृष्टिहीन टायपिस्टला तर या घंटेवाचून ओळीचा शेवट कळणे कठीणच होते.

या घंटेचा दुसरा गुण असा, की ती मुकी झाली तर कारण शोधावयास स्क्रू-ड्रायव्हर पुरे. दांडी वाकली असेल, हातोडी अडकली असेल, वाटी सैल झाली असेल. बातमी आणि घंटा यांच्यामध्ये चार इंच लोखंड, दुसरे काही नाही. गोदरेजने २००९ च्या सुमारास ही यंत्रे बनविणे थांबविले. परीक्षाही संगणकावर आल्या. पण ती टिणटिण मेली नाही. तिने फक्त देह बदलला.

घंटा अक्षर होते

तो देह बदलला तारायंत्राच्या घराण्यात. टेलिप्रिंटर, म्हणजे दूरमुद्रक, नावाचे यंत्र विसाव्या शतकात वर्तमानपत्रांच्या आणि तारखात्याच्या कचेऱ्यांतून खडखडू लागले. एका गावी कळ दाबावी आणि दुसऱ्या गावी अक्षर छापले जावे, अशी त्याची करामत. तारेतून अक्षर जात नाही, जातात ते विजेचे ठोके. म्हणून प्रत्येक अक्षराला पाच ठोक्यांचा एकेक संकेत ठरविलेला होता. या संकेतांच्या तक्त्यात एक घर घंटेसाठी राखून ठेविले होते. तो संकेत गेला की पलीकडच्या यंत्रात काही छापले जात नसे. तेथे घंटा वाजे. मुंबईच्या माणसाने एक कळ दाबावी आणि नागपूरच्या कचेरीत डुलकी घेणाऱ्याने दचकून उठावे! वृत्तसंस्थांमध्ये तर रिवाजच पडला, की बातमी जितकी तातडीची, तितक्या घंटा अधिक.

येथे इतिहासाने मोठे वळण घेतले, आणि तेही कोणाचे फारसे लक्ष न जाता. तोवर घंटा ही एक वस्तू होती. आता ती एक अक्षर झाली. ‘क’ लिहावा, ‘ख’ लिहावा, तशी घंटाही लिहिता येऊ लागली. अमेरिकेत १९६३ साली संगणकासाठी आणि दूरमुद्रकासाठी एक सामाईक अक्षरतक्ता ठरला. त्याचे नाव ‘ॲस्की’. त्यात घंटेला सातवा क्रमांक मिळाला. त्याच साली बाजारात आलेल्या ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ या यंत्राच्या पोटात खरीखुरी घंटा होती. सातवा क्रमांक आला की ती वाजे. कळफलकावरची ‘कंट्रोल’ कळ दाबून ‘जी’ दाबले की तोच क्रमांक निघतो, कारण ‘जी’ हे इंग्रजी वर्णमालेतील सातवे अक्षर आहे. पुढे जगातल्या सर्व लिप्यांचा मिळून ‘युनिकोड’ नावाचा एकच तक्ता झाला. त्यात आपल्या ‘क’ला २३२५ हा क्रमांक आहे, आणि सातव्या घरात आजही ही घंटा बसलेली आहे. न छापता येणारे, न दिसणारे, पण वाजणारे अक्षर!

मात्र घंटा अक्षर झाली त्या दिवशीच तिच्या मुकेपणाचे बीज पेरले गेले. हुकूम एकीकडे आणि टोल दुसरीकडे, अशी फारकत झाली. अक्षर लिहिणारा फक्त लिहितो. ते वाजविणारे कोणी पलीकडे आहे, हे तो गृहीत धरतो.

कागदाच्या जागी काचेचा पडदा आला तेव्हा हे प्रथम दिसले. १९७८ सालच्या ‘व्हीटी १००’ या प्रसिद्ध पडदायंत्रात वाटीही नव्हती, हातोडीही नव्हती. घंटेच्या संकेतावर एक विजेचा बीप निघे. पण जुन्या घराचे संस्कार पाहा: पडद्यावरची ओळ संपावयास आठ अक्षरे उरली की ‘समासाची घंटा’ म्हणून बीप देण्याची सोय त्यात ठेविलेली होती. पडद्याला रूळ नाही, मागे ढकलावयाचे काही नाही. तरीही टंकयंत्राची टिणटिण नातीच्या गळ्यातून ऐकू येतच होती.

पेटीतला लहान गडी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय. बी. एम. कंपनीने घरगुती मापाचा संगणक बाजारात आणला. आज कचेरी-कचेरीत दिसणाऱ्या संगणकांचा तो मूळपुरुष. त्याच्या पेटीत सव्वादोन इंचांचा एक साधा स्पीकर बसविलेला होता. आपल्या कथेतला गडी तो हाच. एक वेळमापक चिप सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके देई. प्रोग्रामने त्या संख्येला हव्या त्या आकड्याने भागावयाचे आणि उरतील तितके कंप स्पीकरकडे धाडावयाचे. ११९३ ने भागले तर सेकंदाला हजार कंपांचा, कानाला टोचणारा बीप मिळे. संगणक सुरू होताच स्वतःची तपासणी करी आणि सर्व ठीक असेल तर एकच आखूड बीप देई. पडद्याशी संबंधित बिघाड असेल तर एक लांब आणि दोन आखूड. पडदाच चालत नसेल तर तक्रार पडद्यावर लिहून उपयोग नाही, हा त्यामागचा शहाणपणा.

आपल्याकडे याच काळात देवनागरीने संगणकात पाऊल टाकले. पुण्याची ‘सी-डॅक’ संस्था १९८८ साली स्थापन झाली, आणि तिच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे काळ्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटू लागली. महाविद्यालयांतून मुले ‘टर्बो सी’च्या निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहावयास शिकली. त्यात आवाज सुरू करण्याचा एक हुकूम होता आणि तो बंद करण्याचा दुसरा. दुसरा लिहावयास विसरले की सगळ्या वर्गात संगणक केकाटत सुटे आणि गुरुजींना चूक कोणाची हे विचारावेही लागत नसे!

या गड्याचा एक गुण आज आठवण्यासारखा आहे. तो आवाजाच्या बटणाला भीक घालीत नसे. संगणकाला पुढे जोडलेले संगीताचे स्पीकर लहान करा, बंद करा. हा पेटीत बसून आपला टोल देणारच.

त्याचा पहिला घात केला तो वेगाने. काही जुन्या प्रोग्रामांत बीप किती वेळ चालावा हे घड्याळाने ठरत नसे. संगणकाला उगाच एक ते दहा हजार आकडे मोजावयास लावीत आणि मोजून झाले की आवाज बंद करीत. जुन्या यंत्राला त्या मोजणीस पाव सेकंद लागे. नवे यंत्र तेच आकडे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मोजू लागले. बीप वाजे, पण कानाला कळण्याआधीच संपे. ‘टर्बो पास्कल’मध्ये लिहिलेले प्रोग्राम तर याच वेळ मोजण्याच्या भानगडीपायी वेगवान यंत्रावर सुरू होतानाच कोसळत आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ एवढेच दिसे. वाढत्या वेगाने जुन्या माणसांचे जसे होते, तसेच हे.

घंटेचे अलंकार होतात

नव्वदीच्या दशकात संगणकाला गळा फुटला. साउंड कार्ड आले, आणि १९९२ सालच्या ‘विंडोज ३.१’ पासून चूक झाली की ‘डिंग’, विंडोज सुरू झाली की ‘टाडा’ असे ध्वनिमुद्रित आवाज निघू लागले. आता हे आवाज म्हणजे संगणकात ठेविलेल्या फायली. कोणत्या प्रसंगी कोणता आवाज, हे मालकाने ठरवावे.

या हौसेच्या दोन कथा मोठ्या गमतीच्या आहेत. ॲपल कंपनीचा इंग्लंडातील बीटल्सच्या संगीतसंस्थेशी नावावरून वाद चालू होता. संगणक कंपनीने संगीताच्या वाटेला जाऊ नये असा तो प्रकार. १९९१ साली नव्या प्रणालीसाठी जिम रीक्स या अभियंत्याने एक इशारा-ध्वनी केला. त्याचे नाव फारच संगीतमय आहे, अशी वकिलांनी शंका काढली. तेव्हा त्याने नाव ठेविले ‘सोसुमी’ आणि सांगितले की हा जपानी शब्द आहे, संगीताशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत तो मोठ्याने उच्चारून पाहावा. ‘करा माझ्यावर फिर्याद’ असाच तो ऐकू येतो! दुसरी कथा ‘विंडोज ९५’ची. संगणक सुरू होताना वाजणाऱ्या काही सेकंदांच्या सुरावटीसाठी ब्रायन ईनो या नामवंत संगीतकाराला पाचारण झाले आणि त्याने तिचे ८४ नमुने तयार केले, असे तो सांगतो. टोल देणाऱ्या गड्याच्या जागी सनईचौघडा आला म्हणावयाचा.

पण अलंकाराचा एक धर्म असतो: तो काढून ठेवता येतो. घंटा हौसेची झाली, तशी ती बंद करण्याचीही सोय झाली. ‘आवाज नकोत’ अशी एक योजनाच विंडोजमध्ये निवडता येते. २०१२ च्या ‘विंडोज ८’ मध्ये सुरुवातीची सुरावट मुळातच बंद ठेविली गेली. इकडे साऱ्या संगणकांत साउंड कार्ड आले म्हणून पेटीतल्या लहान स्पीकरची कोणाला गरज वाटेना. कारखानदारांनी तो बसविणे सोडून दिले; पुष्कळ पाट्यांवर आज त्याच्यासाठी चार टाचण्यांची रिकामी जागा तेवढी दिसते. ‘विंडोज एक्स-पी’ आणि ‘व्हिस्टा’ यांच्या ६४ बिटी आवृत्त्यांनी जुना बीप वाजविण्याचे कामच अंगाबाहेर टाकले. २००९ च्या ‘विंडोज ७’ने ते पुन्हा पत्करले, पण हुकूम साउंड कार्डाकडे वळवून. गडी गेला; त्याच्या नावाने येणारी पत्रे शेजारी घेऊ लागला. शेजारी घरी असला तर टोल, नसला तर शांतता.

शिट्टी होत नाही तेव्हा

आता हरवलेला आवाज शोधावयाचा कसा? याचे उत्तम शिक्षण आपल्या स्वयंपाकघरातच मिळते. कुकरची शिट्टी होत नसेल तर घरातली बाई एकदम नवा कुकर आणावयास धावत नाही. ती आधी पाहते, आच आहे ना? मग आत पाणी आहे ना? मग गॅसकेट नीट बसले आहे ना? मग शिट्टीत शीत तर अडकले नाही ना? म्हणजे उगमापासून टोकापर्यंत क्रमाक्रमाने. संगणकाच्या बाबतीत हाच क्रम धरावा.

पहिला प्रश्न: प्रोग्राम घंटा वाजवितो आहे का? पुष्कळ प्रोग्रामांत इशाऱ्याचा आवाज चालू-बंद करण्याची स्वतःची खूण असते. ती आधी पाहावी. ‘विंडोज ९५’ पासून बहिऱ्या माणसांसाठी एक सोय आहे: इशाऱ्याचा आवाज निघाला की पडद्याचा काही भाग किंवा सारा पडदा लखकन चमकतो. ती चालू करून पाहावी. पडदा चमकला आणि आवाज आला नाही, तर प्रोग्रामचे कर्तव्य झाले. दोष पुढे आहे. बहिऱ्यांसाठी केलेली सोय अशी ऐकणाऱ्यांच्याही उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न: हुकूम जातो कोणाकडे? फारच जुना प्रोग्राम पेटीतल्या स्पीकरलाच हाक मारतो. १६ बिटी प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’सारखा प्रोग्राम लागतो. तो जुन्या संगणकाचे सोंग आणतो आणि जुन्या स्पीकरचा आवाजही नव्या साउंड कार्डातून काढून दाखवितो. काही लिनक्स प्रणालींत पेटीच्या स्पीकरचा चालक मुद्दाम बंद ठेविलेला असतो; तेथे तो चालू करावा लागतो. पाटीवर ती चार टाचण्यांची जागा असेल तर एक लहानसा बझर आणून लावला तरी गडी परत येतो.

तिसरा प्रश्न: आवाजाची फाईल जागेवर आहे का? नव्या संगणकावर प्रोग्राम आणताना माणसे प्रोग्राम उचलतात, आकडे उचलतात, आणि आवाजांचा कप्पा मागे ठेवतात. प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. तेथे कोणी राहत नाही.

चौथा प्रश्न: वाटेत कोणी तोंड दाबले आहे का? ‘व्हिस्टा’पासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज निराळा लहान-मोठा करता येतो. गाणी खणखणीत ऐकू येतात म्हणून मनुष्य निश्चिंत असतो, आणि त्याच पाटीवर हिशेबाच्या प्रोग्रामचा आवाज शून्यावर असतो.

पाचवा प्रश्न: टोल दुसऱ्याच घरी तर पडत नाही ना? नवा पडदा जोडला की संगणक कित्येकदा आवाज त्या पडद्याकडे पाठवू लागतो, मग त्या पडद्याला स्पीकर असो वा नसो. दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करीत असाल तर घंटा या खोलीत वाजावी की त्या, हेही ठरवून द्यावे लागते.

पाच प्रश्न, आणि पाचही दारे त्या-त्या काळाने बांधलेली. टंकयंत्रात बातमी आणि घंटा यांच्यामध्ये चार इंच लोखंड होते. आज त्यांच्यामध्ये पाच घरे आणि पाच मालक आहेत.

शांततेचे दोन अर्थ

कोणी म्हणेल, एका टुण्‌साठी केवढी ही धडपड! तर १४ ऑगस्ट २००३ चा दिवस आठवावा. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात काही कर्मचारी पडद्यांसमोर बसलेले होते. वीजवाहिनीत काही बिघडले की इशारा देण्यासाठी तेथे एक प्रोग्राम होता. दुपारी सव्वादोनच्या सुमारास तो प्रोग्राम आतल्या आत अडकला. कोसळला असता तर कळले असते. तो नुसता मुका झाला. त्यानंतर ज्या यंत्रावर तो चालत होता ते बंद पडले, आणि त्याची जागा घेणारे राखीव यंत्रही त्याच ओझ्याखाली बसले. बाहेर वाढलेल्या झाडांना तारा टेकून एकामागून एक वाहिन्या बंद पडत होत्या. दूरध्वनीवरून इतर लोक काहीतरी चुकते आहे असे कळवीत होते. पण कक्षात इशारा नव्हता, आणि इशारा नाही म्हणजे सर्व ठीक, अशी वर्षानुवर्षांची सवय होती. चार वाजून गेले आणि पाहता पाहता अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत मिळून सुमारे पाच कोटी माणसे अंधारात गेली. झाडे आणि तारा हे निमित्त खरेच. पण वेळेवर घंटा वाजती तर माणसांना हात हलविण्यास दीड तास मिळता.

शांततेला नेहमी दोन अर्थ असतात. एक, सांगण्यासारखे काही नाही. दुसरा, सांगणारा उरलेला नाही. नुसत्या कानाने या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. घंटेची खरी अडचण हीच आहे.

मणिबेलीचा बीप

ही अडचण ओळखून केलेली एक व्यवस्था आपल्या देशात आहे, आणि तिच्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांत अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा. आणि त्यातही मतदान केंद्र क्रमांक एक आहे मणिबेली. सरदार सरोवराच्या फुगवट्याने या गावाचा जुना भाग १९९० च्या दशकात पाण्याखाली जाऊ लागला. आज मतदानयंत्रे घेऊन निघालेली माणसे तेथे नावेतून जातात. राज्यातल्या पहिल्या केंद्रावर लोकशाही अशी पाण्यावरून येते.

त्या मतदानयंत्राचा इतिहास थोडक्यात असा. निवडणूक आयोगाने १९७७ साली कल्पना मांडली, हैदराबादच्या ‘ईसीआयएल’ने १९७९ साली नमुना केला, पुढे बंगळूरचे ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ त्यात आले. यंत्राची घडण मुंबईच्या आय. आय. टी.तील ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांच्या हातची. मे १९८२ मध्ये केरळातील परूर येथे ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला अटकाव केला. मग कायदा दुरुस्त झाला. १९९९ साली शेजारच्या गोव्याची सबंध विधानसभा निवडणूक आणि २००४ साली सर्व ५४३ लोकसभा मतदारसंघ या यंत्रावर झाले. मताची चिठ्ठी दाखविणारे जोडयंत्र २०१३ साली नागालँडच्या नोकसेन येथे प्रथम बसले. या यंत्राविषयीचे वाद आपल्या जागी आहेत. येथे आपल्याला त्याच्या आवाजापुरतेच पाहावयाचे आहे.

केंद्रावरचा अधिकारी मत देण्यास यंत्र मोकळे करतो. मतदार निळे बटण दाबतो, चिन्हाजवळचा तांबडा दिवा लागतो, चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडते आणि लांबलचक बीप होतो. तो बीप एकट्या मतदाराचा नसतो. आडोशामागे काय झाले हे कोणालाही दिसू नये, पण मत पडले एवढे मात्र सर्वांना कळावे, हे अवघड काम तो एका दमात करतो. बाहेर बसलेले निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी तोच ऐकतात. आमच्या डोंगराळ भागात घरची बोली भिलोरी किंवा पावरी, आणि कित्येक वृद्धांची अक्षराशी ओळखच झालेली नाही. त्या आजीला सूचनांचा तक्ता वाचता येत नाही, पण बीप कळतो. तिच्या मताची शेवटची पोच ती हीच.

म्हणूनच आयोगाने मतदाराला लेखी सांगून ठेविले आहे: चिठ्ठी दिसली नाही आणि बीपही ऐकू आला नाही, तर मतदान केंद्राध्यक्षाला सांगा. शांततेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाने लावू नये, विचारावे. आणि त्याहून महत्त्वाचे काम सकाळीच उरकलेले असते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत, किमान ५० मते टाकून अभिरूप मतदान घेतात. पन्नास वेळा बटण, पन्नास वेळा दिवा, पन्नास वेळा बीप. मग बेरीज जुळवितात, ती मते पुसून टाकतात, आणि तेव्हा कोठे यंत्राला मोहोर लागते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली येतात, समया घासल्या जातात, जुन्या हिशेबाच्या वह्या मिटून नव्या वह्यांना हळदकुंकू लागते. त्याच दिवसांत ज्यांच्या आवाजावर आपण वर्षभर विसंबतो, त्यांचेही असे अभिरूप मतदान घ्यावे. कचेरीतल्या जुन्या प्रोग्रामात मुद्दाम एक चुकीचा आकडा घालावा आणि कान देऊन ऐकावे. मणिबेलीच्या केंद्रावर मतदानाच्या दिवशी माणसे भल्या पहाटे हेच करीत असतात, आणि पन्नासावा बीप ऐकल्याशिवाय दार उघडत नाहीत.